वैद्यांच्या मोटारीचं गळू

माझे सासरे श्रीगोंद्यात वैद्यकी करत. त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती आणि तिच्यावर त्यांचा रोग्यांपेक्षा जास्त जीव होता. लढाईचे दिवस. नवा टायर डोळ्यांनाही दिसत नव्हता, आणि नेमका तेव्हाच एका धारदार दगडानं मोटारीच्या मागच्या टायरची बाजू चिरली. सासूबाईंच्या भाचीच्या लग्नाला नगरला जायचं होतं, त्याच आठवड्यात.

चिरेतून ट्यूब डोकावू लागली. पेरूएवढा फुगा आला. मामंजींनी तो बोटांनी दाबून पाहिला आणि मला समजावलं, की टायरच्या तळव्याला भोक पडलं तर ठिगळ टिकतं, पण बाजू म्हणजे त्याची कंबर. चाक फिरेल तशी ती वाकते, तिथे ठिगळ धरत नाही.

"मग दुसरी मोटार बघावी का?" सासूबाईंनी विचारलं.

"गळू झालं म्हणून कुणी माणूस बदलतं का?" मामंजी म्हणाले.

शेजारच्या शेतकऱ्याकडून त्यांनी विहिरीचं पाणी उपसायच्या फाटक्या मोटेचं कातडं आणलं. तो म्हणाला, "वैद्यबुवा, ह्ये इहिरीतलं चामडं हाय. रस्त्यावर टिकंल का न्हाई, मी न्हाई सांगत." मामंजींनी एक तुकडा आतून, ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवला आणि दुसरा बाहेरून वादीनं आवळून बांधला. कातडं मऊ राहावं म्हणून बरणीतलं जुनं औषधी तूप त्यावर चोळलं. तूप वाया गेलं म्हणून सासूबाई नगर येईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मोटार लंगडत निघाली. मडगार्डला कातडं घासून फटफट आवाज येई. पहिल्याच गावात एक कुत्रं मागे लागलं. पुढच्या गावात आणखी काही. आमचा वेगच असा होता, की त्यांना पळायची गरज पडली नाही. नगरला मांडवापुढे उतरलो तेव्हा आमच्यामागे कुत्र्यांची वरात होती. मुलाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, ही सगळी मुलीकडचीच का.

आम्ही अक्षता घेऊन आत उभे राहिलो. बाहेर कुत्र्यांनी कातडं ओढून काढलं. उन्हात फुगा ताणला गेला आणि शेवटचं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत असा काही फुटला, की बँडवाल्यांना वाटलं इशाऱ्याचा बार झाला. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. मुलीच्या मामांनी अंतरपाट ओढला, नवरीनं हार घातला, अक्षता पडल्या. भटजी हात वर करून ओरडत होते, पण ते ऐकतो कोण.

मोठा वाद झाला. लग्न लागलं की नाही? अखेर अंतरपाट पुन्हा धरला, हार काढून परत घातले. मामंजी मात्र बाहेर चाकाशी उकिडवे बसले होते. ते सासूबाईंना शांतपणे म्हणाले, "फुटलं ते बरं झालं. आत साठलं होतं."

सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून त्या तिथेच पायरीवर बसल्या.

आम्ही आगगाडीनं परतलो. नगरला राहिलेल्या मोटारीच्या टपावर भाचीच्या माहेरच्यांनी दोन उन्हाळे पापड वाळवले. लढाई संपल्यावर टायर मिळाला आणि मामंजी तिला आणायला गेले, तर मागच्या गादीवर मांजर व्यालं होतं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत ते तिथेच मुक्कामाला राहिले.