चांद्याचं डावं शिंग

शेंद्र्याची मंजुषा भिंतींवर जनावरं रंगवायची. म्हशी, शेळ्या, बैल. दूधडेअरीची भिंत असो की सरकी-पेंडीचं दुकान, पार चिकलठाण्यापर्यंत तिच्याच हातची चित्रं. तोंडाची मात्र लई फटकळ. गिऱ्हाइकाशी भांडल्याबिगर तिचा ब्रश ओला व्हायचा नाही. लोक म्हणायचे, हिच्यापरीस हिचे बैल कमी मारके.

तात्यासाहेबांची जमीन कारखान्यांत गेली, बैलजोडी बाजारात गेली. पोळ्याच्या पहिल्या पूजेचा मान मात्र सोडवेना. म्हणून त्यांनी नव्या बंगल्याच्या भिंतीवर मंजुषाकडून आपली जोडी काढून घेतली, हरण्या आणि चांद्या. जोडी दावणीला होती तेव्हा दर सणाला या दोघांची शिंगं तिनंच रंगवलेली. चांद्याचं डावं अर्धंच. नांगरताना तो बसला, तेव्हा तात्यांनीच कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं होतं. तिनं भिंतीवरही ते अर्धंच ठेवलं.

तात्या खवळले. मानाच्या बैलात खोट नसते, शिंग पुरं कर म्हणाले. खोट बैलात नव्हतीच, असं तिनं तोंडावर सुनावलं.

"तुझ्यावाचून अडलंय व्हय?" तात्यांनी तिला हाकललं आणि स्वतःच ब्रश घेऊन शिंग जोडलं. दुधी भोपळा लटकवावा तसं.

पोळ्याला मंजुषा मुद्दाम पुढं जाऊन उभी राहिली. तात्यांच्या मालकीणबाई, द्वारकाबाई, ताट घेऊन आल्या. हरण्याला कुंकू लावलं, पुरणपोळी तोंडाशी टेकवली. मग चांद्यापुढं आल्या आणि थांबल्या.

"ह्यो कुणाचा?"

"आपला चांद्या," तात्या म्हणाले.

"आपला नाय. आपल्याच्या शिंगात मी हळद भरली होती. रातभर हंबरत होता."

ताट हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मानाची पूजा अडली, तसे मागं गावाचे सजवलेले बैल खोळंबले. कुणीतरी खोकलं, कुणी हसलं. तात्या मंजुषाजवळ आले, दात चावत म्हणाले, "पूस ते."

तिनं हाताची घडीसुद्धा सोडली नाही. "मी कशाला? एकदा मोडलंय की तुम्ही. आताबी जमंल."

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग खिशातून गाडीची किल्ली काढली आणि साऱ्या गावादेखत भिंत खरवडायला लागले.