आमचं शनिवारचं भजनी मंडळ

चार माणसं नेमानं एका खोलीत भेटायला लागली की किस्से साठतातच. मुद्दाम साठवावे लागत नाहीत. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात उरल्यासुरल्याच्या वाट्या साठतात, तसे ते साठतात. मग एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर येतात.

आमची खोली रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, एका स्कूटर मेकॅनिकच्या दुकानावर. दर शनिवारी दुपारी आम्ही तिथे जमतो. आम्ही म्हणजे अशी माणसं, ज्यांना खायला लागल्यावर थांबता येत नाही. भूक नसताना, पोट दुखेपर्यंत आणि शक्यतो कोणी बघत नसताना! डॉक्टर याला 'बिंज ईटिंग' म्हणतात. आमच्या घरी याला 'हावरटपणा' म्हणायचे. हा आजार आहे आणि त्यावर मदत मिळते, हे कळायला आम्हा प्रत्येकाची निम्मी उमर गेली. आमच्यातल्या सगळ्यात लहान प्राचीची सोडून, ती लवकर आली.

गट चालवतात मेघा दीदी. समुपदेशक आहेत, जन्म रायपूरचा. बोलतात मराठी, रागावतात हिंदीत.

गटाचा पहिला नियम म्हणजे इथलं बोलणं बाहेर जात नाही. म्हणून हे लिहिण्याआधी मी सगळ्यांची परवानगी घेतली आणि नावं बदलली. तर रेल्वेतून रिटायर झालेले गजभिये काका माझ्यावरच उखडले.

"माहं नाव काहून बदलवलं? चोऱ्या करून राहिलो का आपण?"

तेव्हा काकांचं नाव तेवढं खरं. बाकीची खोटी आहेत, माझ्यासकट. मी नव्या रायपूरच्या एका ऑफिसात बदलून आलेला नाशिककडचा माणूस. मला इथे देवरे सर म्हणतात असं धरून चाला.

*

पहिल्या दिवसाचा किस्सा. खोलीत खायचं काही आणू नये, असा नियम तेव्हा नव्हता. अशा गटात तो लागेल असं मेघा दीदींच्या डोक्यातच आलं नाही.

पण पहिल्यांदा कोणाकडे जायचं ते रिकाम्या हातानं कसं जायचं? मी चिवडा नेला. गजभिये काकांनी बालुशाही आणली. प्राचीनं केक. आणि ब्राह्मणपाऱ्यातच राहणाऱ्या सुनंदा वहिनींनी घरची ठेठरी आणि खुरमी आणली, एक तिखटमिठाची, एक गुळाची.

सगळं टेबलावर मांडलं गेलं. पुढचा पूर्ण तास त्याला कोणी हात लावला नाही. कोणी कोणाकडे बघतही नव्हतं, सगळे टेबलाकडे बघत होते.

"ये सपोर्ट ग्रुप है या शादी का काउंटर?" मेघा दीदी म्हणाल्या.

खरी पंचाईत निघताना झाली. ते डबे घरी न्यायला एकही जण तयार होईना! शेवटी सगळं खाली मेकॅनिकला देऊन आम्ही पळालो.

पुढच्या शनिवारी आम्ही हात हलवत आलो. मेकॅनिकनं स्कूटरमागून डोकं बाहेर काढलं आणि चेहरा पाडून विचारलं, "आज मीटिंग नहीं है क्या, भैया?"

*

गजभिये काका आमच्याकडे यायच्या आधी बरंच हिंडून आले होते. काकू गेल्यापासून त्यांचं खाणं हाताबाहेर गेलेलं. एका डॉक्टरनं त्यांना सांगितलं, "काका, तोंडावर ताबा ठेवा, बस."

काका म्हणाले, "ताबा राहिला असता तं तुमाले तोंड दाखवाले आलो असतो का?"

मग मुलानं उपाय केला. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप घातलं. काका रेल्वेतले, त्यांनी आयुष्यभर सीलबंद वॅगनी पाहिलेल्या. त्यांनी कुलपाला हात लावला नाही, मागच्या बाजूनं बिजागऱ्याच काढल्या. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं, हे त्यांनीच सांगितलं. सांगताना बिजागऱ्यांपर्यंत हसत होते, नंतर नाही.

मेघा दीदींनी मुलाला बोलावून घेतलं. कुलूप घातलं की जीव आणखी तिथेच अडकतो, हे समजावलं.

"मग मी करू काय?" मुलानं विचारलं.

"जेवायला बसा त्यांच्यासोबत. दिवसातून एकदा तरी."

"दीदी, टाइम कुठे आहे?"

काका खिडकीतून बाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "कुलूप पसंत कराले मात्र दोन दुकानं फिरला होता."

मुलगा आता रोज सोबत जेवतो. मोबाइल पाहतो, पण बसतो.

*

दुसरा नियम फोनचा. खाण्याची उबळ आली की आधी गटातल्या कोणाला तरी फोन लावायचा. थोडा वेळ बोलत राहायचं, लाट ओसरते. ऐकायला फार सोपं!

मी एकदा ऑफिसातून परतताना मिठाईच्या दुकानासमोर गाडी थांबवली. उतरायच्या आधी प्रामाणिकपणे वहिनींना फोन लावला. त्यांनी उचलला आणि पहिलं वाक्य टाकलं, "काय देवरे सर, जेवले का?"

त्यांचा काय दोष? आपल्याकडे फोनची सुरुवात दुसरी कुठली असते! काकांनी प्राचीला तेच विचारलं, प्राचीनं काकांना तेच विचारलं, "काका, खाना हो गया?" एकमेकांना वाचवायला घेतलेला फोन आणि प्रत्येक फोनचा पहिला घास जेवणाचाच.

मेघा दीदींनी 'जेवले का' वर बंदी घातली. पुढचे काही दिवस फोन उचलला की नुसती शांतता. बोलायचं काय, कोणाला सुचेना. शेवटी काकांनी तोड काढली. मी फोन केला तर पलीकडून गार्डाच्या डब्यातून यावा तसा आवाज आला, "हॅलो! गाडी टायमावर आहे का?"

तेच रूढ झालं. बरं चाललं असेल तर 'टायमावर'. जीव घाबरा झाला असेल तर 'आउटरवर उभी आहे', म्हणजे स्टेशनाबाहेर सिग्नलसाठी अडकलेली. त्यावर जो ऐकत असेल त्यानं घाई न करता बोलत राहायचं, सिग्नल मिळेपर्यंत.

*

प्राची नव्या रायपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. पोट्टी हुशार आहे. मराठी सगळं कळतं, उत्तरं हिंदीत देते. गटात बरेच दिवस ती काही बोललीच नव्हती. बोलली ती चमच्यांवर.

तिला उबळ आली की ती ऑनलाइन जेवण मागवायची. चौघांचं. डिलिव्हरीवाल्याला संशय नको म्हणून चार चमचे मागायची. तो दारात आला की ती आत तोंड करून मोठ्यानं ओरडायची, "अरे, खाना आ गया, सब लोग आ जाओ!"

आत कोणीच नसायचं.

"घर में इतने चम्मच हो गए हैं, दीदी," ती म्हणाली आणि हसायला लागली. आम्हीही हसलो. मग ती हसताहसता रडायला लागली. काकांनी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढे दीदींनी ठरवलं की एक दुपारचं जेवण सगळ्यांनी मिळून प्राचीकडे जेवायचं. सावकाश, गप्पा मारत, दार उघडं ठेवून. जेवण तिनंच मागवलं. बेल वाजली. प्राची दारात गेली आणि या वेळी ओरडली नाही. पण आतून गजभिये काकांनी सवयीच्या मोठ्या आवाजात हाक दिली, "प्राची, जेवण आलं का गं?"

नेहमीचाच डिलिव्हरीवाला होता. त्यानं तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे दीदी, आज तो सच में लोग हैं!"

*

आता सुनंदा वहिनी. वहिनी घरात सगळ्यांना वाढायच्या. यजमान अरुणराव, सासूबाई, येणारेजाणारे. गरम पोळी ताटात पडलीच पाहिजे, असा घरचा रिवाज. सगळे उठले की वहिनी स्वयंपाकघराचं दार लोटायच्या आणि ओट्याशी उभ्यानं खायच्या. उरलेलं, मग डब्यातलं, मग जे हाताला लागेल ते. वर्षानुवर्षं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आणि शनिवारी त्या कुठे जातात, हेही माहीत नव्हतं. घरी सांगितलं होतं, "भजनाले जाते."

एकदा सासूबाईंनी विचारलं, "इतके दिवस जातेस, एखादं भजन म्हणून तं दाखव!" वहिनी घामाघूम होऊन आमच्याकडे आल्या. भजन शिकवा! माझा आवाज ऐकून दीदींनी मला हात जोडले. प्राची मोबाइलवर शोधायला लागली. काका बराच विचार करून म्हणाले, "वहिनी, मले बुद्धवंदना येते. चालन का?"

वहिनी म्हणाल्या, "शिकवा. काहीतरी तं खरं शिकून जाईन."

पण खोटं त्यांना सोसत नव्हतं. पोळा-तीजाच्या सणांत त्यांनी मोठा डबाभर गुळाची खुरमी केली, नणंदेकडे पाठवायला. डबा उघडला तर तळाला आलेला. अरुणराव जेवताना म्हणाले, "घरात मोठी उंदरीण झाली आहे वाटते!" सगळे हसले. सासूबाई सगळ्यात जोरात हसल्या.

"मी खाल्ली ते मले माहीत आहे," वहिनी आम्हाला म्हणाल्या. "पण इतकी? मले आठवतही नाही, दीदी. माह्या डोक्यात काही बिघाड तं नाही ना?"

अशा वेळी किती खाल्लं याचं भान राहत नाही, असं दीदींनी सांगितलं. त्यात बिघाड नाही, लाज वाटून घेण्यासारखं तर नाहीच. मग त्यांनी वहिनींना दोन कामं दिली. घरच्यांबरोबर बसून, स्वतःचं ताट घेऊन, गरम जेवायचं. आणि जमेल तेव्हा घरी खरं सांगायचं.

त्यावर वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा भजन सोपं."

*

आणि मग अरुणरावांनीच आम्हाला जेवायला बोलावलं! इतक्या दिवसांचं भजनी मंडळ, त्याला एकदा घरचं जेवण नको का? नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी आम्ही सगळे हजर. काकांनी तर वेळप्रसंग ओळखून कपाळाला बुक्का लावला होता.

टेबल मोठं. सासूबाई मधल्या खुर्चीत. त्यांच्यासमोर साधा वरणभात, कारण डॉक्टरनं त्यांचं गोड बंद केलेलं. वहिनी सगळ्यांना वाढत होत्या. अरुणराव म्हणाले, "जेवायच्या आधी एक भजन होऊन जाऊ द्या!"

प्राची माझ्याकडे बघायला लागली, मी दीदींकडे. काकांनी घसा खाकरला आणि वहिनींना विचारलं, "वहिनी, गाडी टायमावर आहे का?"

वहिनी पोळ्यांचा डबा हातात धरून उभ्याच होत्या. "आउटरवर उभी होती, काका," त्या म्हणाल्या. "आता सिग्नल भेटला."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. एक ताट घेतलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या घरात त्यांना कोणी असं बसलेलं पाहिलं नसावं, कारण अरुणराव अर्धवट उठलेच.

"हे भजनी मंडळ नाही," वहिनी म्हणाल्या. "मी चोरून खाते. तुमी सगळे उठल्यावर, दार लावून. थांबताच येत नाही मले. हा आजार आहे. या लोकांसोबत मी त्याचा इलाज करून राहिली. आणि ती उंदरीण मीच होती."

वहिनींनी स्वतःच्या ताटात पोळी वाढून घेतली.

अरुणरावांनी विचारलं, "मग पोळ्या कोण वाढणार?"

काकांनी पोळ्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला. "हात आहेत ना साहेब? घ्या."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आपल्या खोलीत गेल्या. वहिनींनी तोडलेला घास ताटात परत ठेवला. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा औषधांचा डबा होता. त्या डब्याला घरात दुसरं कोणी हात लावत नसे.

"आई, गोळी जेवल्यावर आहे," अरुणराव म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. डबा वहिनींच्या ताटाशेजारी ठेवला आणि झाकण उघडलं. आत खुरमी होती. डबा भरलेला होता.

मग त्या सुनेच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी किती वाजता निघावं लागते?"