विस्तवाशिवाय तापलेला बंब

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टी कुणी सुरू केल्या की चहाचे कप उचलून आत जाणाऱ्यांतली मी. या सदरातले अनुभवही हसत हसतच वाचायचे. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच थोडा राग येतोय... पण लिहिते.

माझं माहेर मेढ्याचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी घर बांधलं आणि न्हाणीत तांब्याचा बंब आला. तो पेटवायचा मान दादांचाच. भल्या पहाटे उठून मधल्या नळकांड्यात मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं आणि जांभळीच्या ढलप्या घालायचे, आणि पहिली बादली आईची. आम्हा भावंडांना नियम एकच – बादलीभर गरम काढलं की बादलीभर गार वरून ओतायचं. पाणी कमी पडलं तर बंबाचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, सुटतो. अर्धवट झोपेतसुद्धा आमचे हात आपोआप गार पाणी ओतायचे. शाळेच्या युनिफॉर्मलाही त्या धुराचा वास असायचा आणि तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता सांगलीत कुठे पालापाचोळा जळत असला तरी मी घटकाभर थांबते.

गेल्या वर्षी दादा गेले आणि काही महिन्यांत बंबही गळायला लागला. आई गॅसवर पातेलं तापवून न्हाणीत न्यायला लागली. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई, हातात उकळतं पाणी आणि खाली ओली फरशी! मी सांगून टाकलं – एक तर नवीन गीझर, नाहीतर चल माझ्याबरोबर सांगलीला. तिला घर सोडायचं नव्हतं आणि बंबही हलवायचा नव्हता. रोज फोनवर आमचं हेच.

बरं, गीझर निवडणं तरी सोपं असावं! सोलर घ्यावा तर पावसाळाभर मेढ्यात सूर्य तोंड दाखवत नाही. गॅसचा घ्यावा तर न्हाणीला हातभर झरोका, दार लावलं की गुदमरायची भीती. बंबच दुरुस्त करावा म्हणून साताऱ्याला नेला, तर तांबटाने तळ बघून नकारार्थी मान हलवली. शेवटी टाकीवाला इलेक्ट्रिक गीझर ठरला. त्यासाठी जुनं वायरिंग बदललं, अर्थिंग करून घेतलं. आई हे सगळं शेजारच्यांच्या घरचं काम असल्यासारखं बघत होती.

गीझर बसला त्या दिवशी बंब मागच्या पडवीत गेला. मीच तो आडवा करून उरलीसुरली राख झाडली. संध्याकाळी आईने गीझरच्या पाण्याने आंघोळ केली... आणि बाहेर येऊन सवयीने बादलीभर गार पाणी पडवीत नेऊन बंबात ओतलं. मला हसूच आलं. म्हटलं जाऊ दे, तळ तर फुटलाय, सकाळपर्यंत गळून जाईल.

सकाळी लाइट नव्हती, म्हणजे गीझर असून नसल्यासारखा. पडवीत किती पाणी झालंय ते पुसायला फडकं घेऊन गेले, तर फरशी कोरडी. बंबाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता. तोटी सोडली तर वाफाळतं पाणी, आणि तोच धुराचा वास. खाली वाकून पाहिलं. निखारा नाही, राख नाही, जळालेली काडीसुद्धा नाही. उष्णता आपोआप येत नाही, हे मी दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते.

आई मागे येऊन उभी राहिली होती. मी काही विचारायच्या आत तिने तोटीखाली बादली लावली, बंबासमोर पाटावर बसली आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"आवं, लय वर्सं उठलासा माझ्यापायी. आता पोरीनं बटणाची टाकी आणलीया, जमतंय मला. नका उठू आता पहाटंचं. निवांत पडा."

मग त्या पाण्याने आंघोळ करून आली. मी पडवीच्या उंबऱ्यावर बसून रडले. दादा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

त्या दिवसापासून आई कुरकुर न करता गीझर लावते. सांगलीला येण्याचा विषय मीही पुन्हा काढला नाही. ती आपल्या घरात आहे आणि खुशीत आहे.

मी खूप डोकं चालवलं. आईनेच पेटवला असेल म्हणावं तर घरात तेव्हा जळणाचा तुकडा नव्हता, आणि फुटक्या तळाचं काय? बोटावरचा फोड नवऱ्याने पाहिला, कॉलेजातल्या मैत्रिणीने पाहिला. कारण कुणालाच सांगता आलं नाही. आईला विचारलं तर ती भाजी निवडत म्हणते, "त्येंचं काम हुतं, त्येंनी केलं."

मेढ्याला गेले की आई स्वयंपाकघरात असताना मी गुपचूप पडवीत जाते आणि बंबावर तळहात ठेवते. गार असतो. फिजिक्सच्या हिशेबाने गारच असायला हवा... तरी दर वेळी मला वाईट वाटतं.