तांबड्या पुडीचं वजन

चुंबकाचं बटण दाबताच तराजूला टांगलेली काचेची नळी किंचित वर उचलली गेली. नळीत सुजाताने स्वतः बनवलेली निकेलच्या संयुगाची तांबडी पूड होती.

"मॅडम, वजन कमी झालं," सुजाता मला म्हणाली.

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अगं, सीनियरच्या जर्नलमध्ये वाढलंय. तेच लिही, नाहीतर मार्क जातील."

सुजाताने तिसऱ्यांदा वजन घेतलं. पुन्हा कमीच. "मी हेच लिहिणार."

मी नळीकडे बघत राहिले. हेच निकेल हिरव्या क्षारात असलं की चुंबकाकडे ओढलं जातं आणि वजन वाढतं. तांबड्या पुडीत मात्र नायट्रोजनचे चार अणू त्याच्याभोवती सपाट चौकोनात बसतात, त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, आणि मग ते एवढ्या थोरल्या चुंबकालाही जुमानत नाही, उलट किंचित दूर सरतं. सीनियरच्या नळीत हिरवा क्षार असणार. तेवढंही कुणी विचारत नाही, नुसतं उतरवून काढतात. मीही विद्यार्थिनी असताना याच तराजूवरचं खरं वजन खोडलं होतं. पैकीच्या पैकी मिळाले होते. अजून खुपतात.

सुजाताच्या आकड्याखाली मी ठसठशीत सही केली.

"बाहेरचे परीक्षक चूक म्हणाले तर?" मैत्रिणीने विचारलं.

"तर त्यांना म्हणावं, बटण तुम्ही दाबा."