स्वतःला मत न देणारे पाटील

जगातली झाडून सगळी माणसं निवडणुकीला उभी राहतात ती जिंकायला. आमचे पाटील तेवढे उभे राहायचे ते निवडणूक रीतसर पार पडावी म्हणून. पाटील हे अर्थातच मी ठेवलेलं नाव. अलास्काच्या किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेलं आणि बाहेर जायला एकही रस्ता नसलेलं ते गाव, आणि त्या गावाचे हे मेयर. मी नागपूरहून व्हिसावर तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायला गेले होते. फोनवर आईला मेयर म्हणजे काय ते समजावण्यापेक्षा 'आमचे पाटील' म्हणणं सोपं पडायचं. आईला ते इतकं पटलं की माझ्या तब्येतीआधी ती पाटलांची चौकशी करू लागली. "एवढ्या थंडीत कानाला काही बांधतात का गं ते?" मी म्हणायची, "आई, ते तिथलेच आहेत." तर म्हणे, "तिथल्यांना कान नसतात का?"

पाटील सत्तरीच्या पुढचे, ताडमाड उंच आणि त्या उंचीबद्दल जन्मभर माफी मागत आल्यासारखे थोडे वाकलेले. बाराही महिने पायात मासेमारीचे रबरी बूट, आणि रविवारी त्याच बुटांवर टाय. गावात चर्च एकच, प्रेस्बिटेरियन पंथाचं, आणि पाटील तिथलेही निवडून आलेले कारभारी. "आमच्यात बिशप नसतो," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला माहिती दिली, "आमच्यात समित्या असतात." पाद्री यायचा छोट्या विमानाने, आभाळ मोकळं असेल तेव्हा, आणि तिथले ढग म्हणजे मुक्कामाला आलेले पाहुणे, निघायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे प्रवचनही बहुतेक पाटीलच करत. चर्चच्या बैठकीला आणि गावाच्या सभेला माणसं तीच, हॉल तोच, कॉफीही तीच, फक्त दुसऱ्या खेपेपर्यंत कडू झालेली. मध्ये पाटील टाय काढून खिशात घालायचे, एवढ्यावरून आपण ओळखायचं की देवाचं काम संपलं आणि गटारांचं सुरू झालं.

ठराव मांडल्याशिवाय आणि त्याला दुसऱ्या कोणाचं अनुमोदन मिळाल्याशिवाय या जगात पानही हलू नये, असं त्यांचं मत होतं. एकदा मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला पोह्यांना बोलावलं. पोहे त्यांना भलतेच आवडले. बशी चाटूनपुसून साफ केल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "आणखी थोडे वाढण्यात यावेत, असा मी ठराव मांडतो." मला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत. मी हसले आणि चहा टाकायला गेले. परत येऊन पाहते तर पाटील रिकाम्या बशीसमोर हात जुळवून बसलेले आणि पोह्यांचं पातेलं हाताच्या अंतरावर. शेवटी बायको खिडकीबाहेर बघत कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "अनुमोदन." तेव्हा कुठे त्यांनी डावाला हात लावला. पन्नास वर्षांचा संसार तिने याच एका शब्दावर ओढला असावा.

एका वसंतात भर सभेत हॉलच्या दारात अस्वल येऊन बसलं. आम्ही बाकांवर चढलो. पाटलांनी चष्मा पुसून अस्वलाकडे पाहिलं आणि त्याच्यासंबंधी तिघांची समिती नेमली. समितीचा अध्यक्ष कोण यावर वाद चालू असतानाच अस्वल कंटाळून निघून गेलं. अहवाल मात्र पाटलांनी पुढच्या सभेत मागून घेतला, कारण एकदा नेमलेली समिती अस्वल गेलं म्हणून वाऱ्यावर सोडता येत नाही.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉय नावाच्या शहरात असलेल्या नवऱ्याला मी असले किस्से सांगायची. तो तिकडे मोटारींच्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "यार, तू तिथे शिकवायला गेलीस की स्टँडअप बघायला? जॉब चेंज कर आणि ये ना इकडे." मी 'बघू' म्हणायची. खरं सांगायचं तर माझा पाय निघत नव्हता. थोडकीच पोरं होती शाळेत, पण अपूर्णांक कळले की बाकावर उभी राहून नाचणारी पोरं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

तर निवडणूक. पाटलांच्या विरोधात दर वेळी किराणा दुकानाच्या आजी उभ्या राहायच्या. त्याही त्याच चर्चच्या, त्याच बाकावरच्या. स्वतःच्या नावापुढे खूण करणं म्हणजे शुद्ध अहंकार, असं दोघांचंही ठाम म्हणणं. म्हणून मतदानाच्या दिवशी पाटील आजींना मत द्यायचे आणि आजी पाटलांना, आणि मग दोघं मिळून केक खायचे. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. दोन मतं एकमेकांना खाऊन टाकायची आणि पाटील निवडून यायचे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग आजींचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना अॅरिझोनाला घेऊन गेला. त्यांच्या जागी उभा राहिला बाहेरून येऊन मासेमारीच्या पर्यटकांसाठी लॉज काढलेला एक गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण गावाचा खर्च कमी करायचा हा एकच मंत्र त्याला येत होता. आणि नेमकं त्याच वर्षी शिक्षण खात्याने कळवलं होतं, की पोरं फार कमी झाली आहेत. हिवाळ्यात इमारत गरम ठेवायचा खर्च गावाने उचलला तरच शाळा चालू राहील. पाटील म्हणत होते, उचलू. लॉजवाला म्हणत होता, पोरांनी घरी बसून कॉम्प्युटरवर शिकावं. म्हणजे त्या निवडणुकीत खरी उभी होती ती शाळाच.

मतमोजणी हॉलमधल्या लांब टेबलावर, सगळ्यांसमोर झाली. मला मत नव्हतं. व्हिसावरच्या माणसाने गावाची पोरं शिकवावीत, मत देऊ नये. मी भिंतीला टेकून उभी होते. पाटील हरले. एका मताने. हॉलमध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात तीच वजाबाकी केली, कारण ते एक मत कोणाचं हे सांगायची गरजच नव्हती. लॉजवाल्याने अर्थातच स्वतःला मत दिलं होतं, जगाच्या रीतीप्रमाणे. पाटलांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि केक कापला. त्यांच्या बायकोने केक खाल्ला नाही.

मे महिन्यात शाळा बंद झाली. मी निघाले त्या दिवशी पाटील माझी बॅग उचलून धक्क्यापर्यंत आले. पाण्यावर उतरणारं विमान यायचं होतं, ढग होते, म्हणून आम्ही थांबलो. बराच वेळ ते विमानाच्या वाटेकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं, "त्या दिवशी माझी पेन्सिल माझ्याच नावावर टेकली होती."

मी बॅगेवर बसले.

"मला सगळं दिसत होतं. शाळा, पोरं, तू. मग मनात आलं, आज हे केलं तर आजवरचं सगळं ढोंग ठरेल. लोक काय म्हणतील? म्हणून मी पेन्सिल उचलली आणि त्याच्या नावापुढे खूण केली. मी त्याला नम्रता म्हणत होतो. ती नम्रता नव्हती गं. मला माझा चांगुलपणा पोरांपेक्षा लाडका झाला."

नाही हो, तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं बोललेलं त्यांना कळलं असतं. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात विमान आलं.

आता मी ट्रॉयमध्ये शिकवते. वर्गात पोरं रग्गड, बाकावर चढून नाचायला कोणाला वेळ नाही. मागच्या जानेवारीत, तिकडे सकाळ असताना, फोन केला तर पाटलांच्या बायकोने उचलला. म्हणाली, "तो शाळेत गेलाय." मी घाईघाईने विचारलं, "शाळा उघडली?"

"छे. पायऱ्यांवरचा बर्फ काढायला जातो. रोज. रस्त्यापासून दारापर्यंत वाट करतो, रात्री ती पुन्हा भरते, सकाळी पुन्हा जातो. कोणी येणार नाही हे त्याला कळतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बोटं गारठलेली घेऊन येतो आणि शेगडीपाशी बसून राहतो."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. "त्यांना म्हणावं, हातमोजे घालून जात जा," एवढंच मला सुचलं.