शेवयावालीचा कोपरा

बायको गेल्यापासून मी गप्प बसतो, म्हणून नातीनं जपानी चित्रकथांचा गठ्ठा आणून दिला. मँगा म्हणतात म्हणे. मी चौथी शिकलेला माणूस. पहिलं पुस्तक डावीकडून उघडलं, तर शेवटच आधी.

"अहो आजोबा, उजवीकडून वाचतात!"

घ्या! या वयात आता उलटं वाचायला शिका.

आत तलवारी, राक्षस आणि आरडाओरडा. भागांवर भाग, संपायचं नाव नाही. नुसता वैताग. पण त्यात गल्लीच्या तोंडाशी शेवया विकणारी एक म्हातारी होती. गोष्टीशी तिचा काही संबंध नाही. मध्येच कुठल्या तरी भागात ती मरते. त्यानंतर लढाईवरून परतणारी पोरं प्रत्येक वेळी त्या कोपऱ्यावर थबकतात आणि मग पुढे जातात. तिची गाडी कोणी हलवत नाही.

"यांचं जग इतकं खरं का वाटतं, कळलं का?" नातीनं विचारलं.

"कळलं. तिथं माणूस गेलं की त्याची जागा राहते. आपल्या कोथरूडात तिथं ओव्हन येतो."

सुनेला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोललो. स्वयंपाकघरात नवा ओव्हन आला आणि बायकोची विळी तिनं त्या सकाळी भंगारात द्यायला दाराशी ठेवली होती.

"बाबा, गंजलीय हो ती. कुणाला तरी लागेल."

"लागू दे."

मी विळी उचलली आणि पुन्हा ओट्याखाली ठेवली. आता सून केर काढताना तिला वळसा घालते आणि पुटपुटते. पुटपुटेना का.