चिमटीतली गोळी

आष्ट्याच्या आसपास सोपान गुळव्याचं नाव लय मोठं. काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, उकळणारा उसाचा पाक पळीनं घ्यायचा, थंड पाण्यात सोडायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघायची. गोळी मनासारखी लागली की काहील उतरवायची. उशीर झाला तर गूळ जळतो, घाई केली तर चिकट राहतो. पार कराडपर्यंतची माणसं त्याला बोलावून न्यायची. माणूस मात्र हेकट. कुणाचं ऐकेल तर शपथ!

मागच्या हंगामात त्याची बोटं बधिर झाली, डोळ्यांपुढं धुरकट आलं. सांगलीच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढून सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी ताकदच नसांवरचं आवरण कुरतडते. "पूर्वी सारख्या सुया टोचाव्या लागायच्या. आता सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून औषध. पुढचं नुकसान त्यानं बरंचसं थांबतं. झालेलं भरून येईलच असं नाही. डोस चुकवू नका." जाता जाता ते हेही म्हणाले, की उष्णतेनं नजर धूसर होते, अंग थंडावलं की परत येते.

सोपाननं नेमकं हेच शेवटचं तेवढं धरून ठेवलं. काहिलीखालच्या चुलाणाच्या धगीत दिसेनासं झालं की विहिरीवर जाऊन दोन बादल्या डोक्यावर ओतायच्या, की सगळं लख्ख. "बघ, नुसती उष्णता हाय," तो बायकोला, अंजनाला सांगायचा आणि सब्जा भिजवून प्यायचा. दुसरा डोस ऐन हंगामात आला, तो त्यानं बिनघोर बुडवला. अंजना त्याच गुऱ्हाळावर जळणाची चिपाडं वाळवायला असायची. ती रोज बोलायची, तो रोज उडवून लावायचा. भीतीनं तिला घास गोड लागेना.

संक्रांतीनंतर एक दिवस पाणी ओतूनही उजव्या डोळ्यापुढचा धूर हटला नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पळी चाचपून शोधताना त्याला अंजनानं पाहिलं.

दुपारी पाक फुगून पिवळा झाला. गुऱ्हाळाचे मालक लालासाहेब म्हणाले, "सोपान, उतरवायची का रं?"

त्यानं पाक पाण्यात सोडला, हात घालून मन लावून बोटं चोळली. "झाली. उतरवा."

पाक भांड्याच्या तळाशी तसाच पडला होता.

मालकासमोर बोलायचं म्हणजे नवऱ्याचं नाव आपल्याच तोंडानं घालवायचं. तरी अंजना बोलली. "आवं, चिमटीत काय बी न्हाई."

सोपाननं हात वर काढून डाव्या डोळ्याजवळ नेला. बोटं रिकामी होती. लालासाहेब खाली मान घालून उभे होते.

"डॉक्टरला फोन लाव," तो म्हणाला. "उरलंय तेवढं तरी राखा म्हणावं."